साडेचार किलोमीटरचा करार

१४ मार्च २०१९ रोजी अटारीला भारत आणि पाकिस्तानचे अधिकारी समोरासमोर बसले. पुलवामाच्या हल्ल्याला जेमतेम महिना झाला होता, बालाकोटच्या हवाई हल्ल्याला तीन आठवडेही उलटले नव्हते. आणि विषय काय, तर यात्रेकरूंना व्हिसाशिवाय पलीकडे कसे जाऊ द्यायचे! ऑगस्टमध्ये काश्मीरचा विशेष दर्जा काढण्याच्या निर्णयानंतर पाकिस्तानने भारताच्या उच्चायुक्तांना परत पाठवले, व्यापार थांबवला. तरीही ४ सप्टेंबरला अटारीत पुन्हा बैठक झालीच. २४ ऑक्टोबरला करारावर सह्या झाल्या आणि ९ नोव्हेंबरला, गुरू नानकांच्या ५५०व्या जयंतीच्या तोंडावर, कर्तारपूरचा मार्ग खुला झाला.

नानकांनी अखेरची वर्षे शेती करत जिथे काढली, ते कर्तारपूर फाळणीत रावीपलीकडे, पाकिस्तानात गेले. सीमेपासून अंतर साडेचार किलोमीटर. डेरा बाबा नानकच्या चौथऱ्यावर उभे राहून लोक दुर्बिणीतून गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेत. प्रत्यक्ष जायचे तर व्हिसा काढून वाघा, लाहोर असा वळसा.

व्हिसा गेला म्हणजे तपासणी गेली, असा आपला भाबडा समज असतो. कर्तारपूरचा करार वाचला की तो उतरतो. भाविकाने आधी ऑनलाइन अर्ज करायचा, त्याची छाननी आपल्या यंत्रणा करणार, नावांची यादी दहा दिवस आधी पाकिस्तानकडे जाणार, तिकडचा होकार चार दिवस आधी येणार. पासपोर्ट दाखवायचा, पण त्यावर शिक्का नाही. सकाळी जायचे, संध्याकाळी परत. दिवसाला पाच हजार माणसे, माणशी वीस डॉलर शुल्क. (या शुल्काला आपण शेवटपर्यंत हरकत घेतली आणि शेवटी सही केली.) म्हणजे वकिलातीच्या खिडकीवरचे काम दोन सरकारांनी आपापसांत वाटून घेतले, इतकेच. शत्रुराष्ट्राने पाठवलेल्या यादीवर दुसऱ्याने विसंबायचे, ही मात्र लहान गोष्ट नाही.

उद्घाटनाच्या आधी पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांनी पासपोर्टची अट माफ केल्याचे ट्विट केले. पाठोपाठ पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने पासपोर्ट लागेलच असे सांगितले. जायच्या तयारीतल्या माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर? भारताने करारातल्या मजकुरावर बोट ठेवले, ते बरोबरच होते. एकाने उदारपणे दिलेली सवलत तो कधीही काढून घेऊ शकतो.

पण ही व्हिसामुक्ती एकाच दिशेची आहे, हे फारसे कुणी बोलत नाही. नांदेडचा भाविक सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला उतरून, डेरा बाबा नानकमार्गे व्हिसाशिवाय कर्तारपूरला जाऊ शकत होता. पाकिस्तानातल्या शिखाला हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला नांदेडला यायचे तर व्हिसा लागतोच. पाकिस्तानी नागरिकही कर्तारपूरला येतात. त्यामुळे फाळणीत ताटातूट झालेली भावंडे तिथे सात दशकांनी भेटली. गुरुद्वाऱ्याच्या अंगणापुढे, एकमेकांच्या घरी, मात्र कुणालाच जाता आले नाही.

भाविकांना हेरगिरीच्या जाळ्यात ओढले जाईल, ही आपल्या यंत्रणांची धास्ती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. २०२५च्या मे महिन्यात, पहलगामच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, तेव्हा भारताने मार्ग बंद केला. तोफा धडाडत असताना दुसरे काही शक्यही नव्हते. पण तोफा थांबल्यावर काय? या वाटेने पाकिस्तानी माणूस भारतात येतच नाही. जातो आणि परततो तो आपलाच नागरिक, आपणच तपासलेला. तेव्हा घुसखोरीचे कारण इथे लागू पडत नाही. जोखीम आहे ती आपल्या माणसांच्या तिथल्या सुरक्षिततेची, आणि ती कशी सांभाळायची हे २०१९मध्ये, बालाकोटनंतर तीन आठवड्यांच्या आत, याच दोन सरकारांनी बोलायला सुरुवात केली होती.

ऑक्टोबर २०२४मध्ये कराराला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली आहे. म्हणजे २०२९पर्यंत तो कागदावर जिवंत आहे. मार्ग उघडायला नव्या वाटाघाटी लागणार नाहीत. दिल्लीने तो उघडावा.