नावातले हसू

‘हॉगवर्ट्‌स’ हे नाव ऐकताच इंग्रजी मुलाला हसू येते. त्यात डुक्कर आणि चामखीळ दोन्ही ऐकू येतात. आपल्या कानांना मात्र ते एखाद्या जुन्या विद्यापीठासारखे भारदस्त वाटते. जे. के. रोलिंग यांचा डंबलडोर म्हणजे जुन्या इंग्रजी बोलीतला भुंगा. दूरच्या वाचकापर्यंत त्याची गुणगुण पोचतच नाही. अशा वेळी अनुवादकाने नाव जपावे की हसू?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या डच अनुवादात नावे बदलणार, हे कळताच १९५६ साली टॉल्किन यांनी कडाडून विरोध केला. पुढे त्यांनीच अनुवादकांसाठी यादी केली : यादीतली नावे अर्थानुसार आपल्या भाषेत आणा, बाकीची तशीच ठेवा. जर्मनमध्ये ‘बॅगिन्स’चा ‘बॉयट्लिन’ झाला, पण नावातली पिशवी शाबूत राहिली.

उलट, डच अनुवादात डंबलडोरचा ‘पर्कामेंटस’ झाला. भुंगा उडाला, चर्मपत्र आले. ही गंमत लेखिकेची नव्हे, अनुवादकाची. हा अधिकार त्याला कोणी दिला, असे कोणी विचारले तर ते गैर नाही.

तरीही मूळ नाव जसेच्या तसे ठेवणे म्हणजेच निष्ठा, असे मला वाटत नाही. दोन भाषांत नांदणाऱ्या घरांना हे सांगायला नको : समजावून सांगितलेला विनोद मरतो, आणि न सांगितलेला उगाच थोर ठरतो. ज्याला हसायचे, त्यालाच आपण हात जोडू लागतो. लेखकाशी याहून मोठी प्रतारणा कोणती?