कारण एक की पाच?

एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या ‘नीट’ परीक्षेत तीन तासांत 240 प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकले तर 1 वजा. ‘ओएसएमएफचे (ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंड उघडेनासे करणारा रोग) प्रमुख कारण कोणते?’ या प्रश्नाला चार पर्यायांतला ‘सुपारी’ हा एकच बरोबर. उज्जैनच्या माधवनगरात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या फ्रीगंजात, एखाद्याचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे झाले की घरातही हाच प्रश्न निघतो आणि उत्तरही एकच मिळते: ‘भोग आहेत, दुसरे काय!’ एक उत्तर शास्त्राचे, दुसरे श्रद्धेचे. दोन्ही एकमेकांविरुद्ध वाटतात. पण कारण एकच असते आणि ते सापडले की विचार संपला, अशी खोड दोन्हींत आहे. पॅथॉलॉजी नीट वाचली तर ती खोड मोडते, आणि कर्मसिद्धान्त नीट वाचला तरीही मोडते.

या रोगाचाच इतिहास पाहावा. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला, तेव्हा त्यांनी दिलेल्या लांबलचक लॅटिन नावात कारण अज्ञात असल्याची कबुली होती. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव रूढ केले. मग सुपारीतले अरेकोलिन तंतुपेशींना चेतवते, तिच्यातले तांबे कोलॅजनचे धागे घट्ट बांधणाऱ्या विकराला बळ देते, हे उलगडत गेले; 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्ककारक ठरवले. जिथे काल दैव होते तिथे आज रसायन आले. तरीही सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होत नाही. शरीराची घडण, आहार, सवयीची वर्षे यांचाही वाटा असतो. मध्य प्रदेशात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पाउचमध्ये टपरीवर शेजारी-शेजारी लटकत राहिली. त्या टपरीचे काय, याला प्रश्नपत्रिकेत पर्याय नसतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पाच असताना एकट्या आत्म्याला कर्ता मानणारा नीट पाहत नाही, असेही तिथे म्हटले आहे. तो विचार मोक्षासाठी आहे, रोगनिदानासाठी नाही, हे मान्य. पण ज्या परंपरेचा आधार घेऊन आपण रोग्याला ‘तुझे कर्म’ म्हणतो, तीच परंपरा दैवाला पाचांतले शेवटचे स्थान देते, तेव्हा तो आधार फारसा उरत नाही. यावर आक्षेप येईल की कारणे इतकी विभागली तर जबाबदारी कोणाचीच राहणार नाही. पाउच फोडणारा हात शेवटी त्याचाच ना? चरकसंहितेच्या विमानस्थानात याचे उत्तर सापडते. आयुष्य ठरलेलेच असते का, या शिष्य अग्निवेशाच्या प्रश्नावर गुरू आत्रेय दैव आणि पुरुषकार (माणसाचा स्वतःचा प्रयत्न) दोन्ही मानतात. सारे आधीच ठरलेले असते तर औषधाला अर्थच उरला नसता. म्हणजे जबाबदारी आहे, पण ती पुढे पाहणारी: आज सुपारी सोडली तर रोगाची वाढ रोखता येते. मागे वळून निवाडा देणारी जबाबदारी रोग्याला आणखी गप्प करते, आणि लाजेने गप्प झालेला माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

‘भोग’ म्हटल्याने मनाला धीर येतो, हेही खोटे नाही. स्वतःच्या दुःखाला कोणी तसे म्हणत असेल तर तो त्याचा अधिकार. दुसऱ्याच्या दुःखाला म्हटले की तोच शब्द शिक्षा होतो. राहिला परीक्षार्थीचा व्यवहारी आक्षेप: एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही, तिथे हे तत्त्वज्ञान कशाला? पण ‘सर्वांत प्रमुख कारण’ हे विधान हजारो रोग्यांबद्दलचे असते, आणि खुर्चीवर बसतो तो एकच. हा फरक ओळखणे हाच पॅथॉलॉजीचा गाभा आहे. उत्तरपत्रिकेत ‘सुपारी’वरच खूण करावी, गुण तिथेच आहेत, रोग्यासमोर मात्र उरलेली चार कारणे विचारल्याशिवाय निदान पुरे झाले असे समजू नये.