शाळेतली जागा

मे महिना सरत आला की पाळकांच्या दारी वर्दळ वाढते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यायला शिफारसपत्र. वर्षभर उपासनेला न दिसलेले चेहरेही त्या दिवसांत दिसतात. त्यांना हसू नये, कारण आपल्या लेकरांसाठी आपणही हेच केले आहे. पत्र मिळते, जागा मिळते, आणि घरी येऊन आपण प्रभूचे उपकार मानतो. परंतु ती जागा आपल्या लेकराला मिळाली तेव्हा ती कोणाच्या लेकराला मिळाली नाही, हा विचार त्या उपकारस्तुतीत येत नाही. तो या महिन्यात वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटते.

आपल्या भाषेत जमिनीच्या तुकड्याला जागा म्हणतात आणि वर्गातल्या बाकावरच्या स्थानालाही जागाच म्हणतात. शहर वाढते तेव्हा या दोन जागा एकमेकींशी बांधलेल्या असतात. बाकावरची जागा कमी पडली हे जूनमध्ये कळते; जमिनीची जागा मात्र पंधरा-वीस वर्षे आधीच हातची गेलेली असते, आणि तेव्हा कोणाला त्याची हळहळ वाटलेली नसते. जे मूल अजून जन्मलेले नाही, त्याच्या वतीने नगरपालिकेच्या सभेत उठून बोलणार कोण?

वडोदऱ्याचेच पाहू. १९०१ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती. २०११ मध्ये ती साडेसोळा लाखांच्या वर गेली. गुजरातेत १९७६ चा नगररचना कायदा आहे. त्याप्रमाणे शहराच्या कडेची शेते एकत्र करून त्यांची नवी आखणी होते. प्रत्येक मालकाच्या जमिनीतून काही भाग वजा होतो व उरलेला त्याला नव्या आकारात परत मिळतो. वजा झालेल्या जमिनीतून रस्ते, बागा व सार्वजनिक सोयी होतात. कायद्याने सुचविलेले प्रमाण असे: रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा व मैदानांसाठी ५ टक्के, शाळा, दवाखाना, अग्निशामक केंद्र अशा सर्व सोयींसाठी मिळून ५ टक्के, आणि विकून योजनेचा खर्च भागविण्यासाठी १५ टक्के. ही पद्धत वाईट नाही. कोणाही एका शेतकऱ्याचे सगळे रान जात नाही, थोडेथोडे सर्वांचे जाते, आणि जमिनीचा भाव वाढला की त्या वाढीतलाही वाटा घेण्याची सोय कायद्यात आहे. नहेम्याच्या काळी जो तो आपापल्या घरासमोरचा तट बांधत होता, तशातलाच हा प्रकार म्हणा ना. (तकोव्याच्या प्रतिष्ठितांनी मात्र कामाला मान लावली नाही, असे त्याच अध्यायात नमूद आहे. प्रत्येक गावात असे काही असतातच.)

पण जागा राखून ठेवणे वेगळे आणि तिच्यावर शाळा उभी राहणे वेगळे. विकास आराखड्यात राखून ठेवलेली जमीन १० वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर सहा महिन्यांतही काही झाले नाही तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. त्याची जमीन किती काळ अडकवून ठेवावी? परंतु आराखडा झाला त्या वर्षी जे मूल सहा वर्षांचे होते, ते या दहा वर्षांत सोळा वर्षांचे होते. कागदावरच्या त्या शाळेत बसण्याचे त्याचे वय निघून गेलेले असते.

पैशाचीही अशीच गोष्ट आहे. २०२२ मध्ये वडोदरा महापालिकेने पाणी व सांडपाण्याच्या कामांसाठी रोखे काढून १०० कोटी रुपये उभे केले. नळ आला की कर वसूल होतो, म्हणून सावकार पुढे येतात. प्राथमिक शाळेच्या इमारतीतून कसली वसुली होणार? आणि इमारत एकदाच बांधावी लागते, शिक्षकांचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत प्रभूने दिला तो याचसाठी असावा असे कधीकधी वाटते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितले. चोपन्न वर्षांनी तोच आकडा पुन्हा लिहावा लागला, याचा अर्थ वाचकांनीच काढावा.

हिशेब करून मग ते काम खरोखर करणारा एक मनुष्य याच वडोदऱ्यात होऊन गेला. मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. दत्तक जाईपर्यंत त्याचे शिक्षण असे झालेच नव्हते. १८९३ मध्ये त्याने अमरेली तालुक्यातील काही गावांत मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू करून पाहिले. घाई केली नाही. तेरा वर्षे अनुभव घेतला आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानाला लागू केले. सक्ती करायची तर आधी शाळा आणि शिक्षक द्यायला हवेत, हे त्याने ओळखले होते. सर्व भारताला तो हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. मध्ये एकशेचार वर्षे गेली.

आता आपल्या शाळांकडे वळू. १८२४ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फॅरार बाई आल्या आणि मुंबईत व पुढे अहमदनगरला मरेपर्यंत हेच काम करीत राहिल्या. पैसा समुद्रापलीकडच्या मंडळ्यांच्या वर्गणीतून येई. देणाऱ्यांनी त्या मुलींची तोंडे कधी पाहिली नाहीत. आणि त्या बाकांवर बसलेल्या मुली ‘आपल्या’ मंडळीच्या नव्हत्या, कारण तेव्हा आपली मंडळी म्हणजे मोजकी माणसे होती. सभासदाचे पत्र आणा असे फॅरार बाई म्हणाल्या असत्या तर शाळा पहिल्याच दिवशी रिकामी राहिली असती.

२०१० मध्ये अमलात आलेल्या या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा शेजारच्या गरीब व वंचित मुलांना द्यावयास लावल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका दाखवून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवले. न्यायालयांचे काम न्यायालये करतील. अल्पसंख्याकांचा हक्क आम्ही हलका मानीत नाही. तो नसता तर आपल्यापैकी कित्येक शाळा आज दुसऱ्यांच्या हाती असत्या, आणि खेड्यातून आलेल्या आपल्या गरीब विश्वासणाऱ्यांच्या मुलांना शहरात कोणी उभे केले नसते. ‘आधी आपली मुले’ म्हणणाऱ्या बापाला स्वार्थी ठरविणेही आम्हांला जमत नाही. पण आपण सवलत घेतो ती आपल्या गरिबांसाठी, आणि जागा भरतात त्या बहुधा फी भरू शकणाऱ्यांनी. भिंतीपलीकडच्या झोपडीतले मूल या दोहोंत कोठेच येत नाही. बालकांना प्रभूजवळ आणणाऱ्यांना दटावले ते परक्यांनी नव्हे, शिष्यांनीच दटावले होते.

आमच्याच पंचमंडळीत गेल्या हिवाळ्यात हा विषय निघाला. आवाराचा रस्त्याकडचा कोपरा मोकळा आहे. तेथे दुकानांचे गाळे काढून भाडे घ्यावे, त्यातून पाळकांचा पगार व मंदिराची डागडुजी भागेल, असे एका बाजूचे म्हणणे. तेथे चार वर्गखोल्या बांधाव्यात असे दुसरीचे. पहिल्या बाजूचे लोक लोभी नाहीत. त्यांनीच वर्षानुवर्षे मंडळीचे जमाखर्च जुळवले आहेत, आणि पगार थकला की बोलणी त्यांनाच खावी लागतात. दोन तास वाद झाला. मग एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले की दावीदाने सोने, लाकूड, लोखंड जमविले, मंदिर शलमोनाने बांधले. मग आपण दावीद आहोत की आपल्या हाती सगळे तयार आलेले शलमोन आहोत? कोणी उत्तर दिले नाही. त्या बाईंनी पुढे असेही विचारले की चार खोल्यांत बसायला येणार कोण, हे कोणी पाहिले आहे काय.

ते कोणी पाहिलेले नव्हते. सभा पुढे ढकलली गेली. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आवाराभोवतीच्या वस्तीत घरोघर जाऊन सहा वर्षांची मुले किती आहेत, त्यांपैकी शाळेत कोण जाते आणि किती लांब जाते, हे लिहून आणावे असे ठरले. दोन गल्ल्या झाल्या आहेत. तिसरीसाठी माणसे हवी आहेत.