भीती आणि राजदंड

शंका (घोटावडे, ता. मुळशी) : ग्रामसभेत एक ठराव पटला नाही, तरी विरोध केला नाही. बोललो असतो तर पुढे दाखला अडला असता. भीतीपोटी गप्प बसणे हा अधर्म का? आणि भीतीच नसेल तर राज्य चालेल कसे?

समाधान : भिणे हा मनुष्यस्वभाव आहे, अपराध नव्हे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचा पहिला गुण म्हणून अभय येते, ते दुर्मीळ म्हणूनच.

दुसरी शंका अधिक अवघड. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने 1651 च्या ‘लेव्हायथन’मध्ये राज्याचा पायाच भीतीवर रचला. एकमेकांच्या हातून मरण्यापेक्षा एका सत्तेला भिणे माणसे पत्करतात, हे त्याचे म्हणणे. कौटिल्यही मत्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहानाला गिळावे तशी अवस्था, टाळण्यासाठी दंड आवश्यक मानतो. पण कठोर दंडाने प्रजा उद्विग्न होते, सौम्य दंडाची ती अवहेलना करते आणि योग्य दंडच पूज्य ठरतो, असे बजावतो. हॉब्जपेक्षा तो इथे शहाणा वाटतो. गुन्हा आणि शिक्षा आधीपासून ठाऊक असते तो कायद्याचा धाक. कोणाच्या मर्जीवर सारे अवलंबून असते ती दहशत. दाखल्याची भीती या दुसऱ्या जातीची.

मुळशीने कायद्याचा धाक आणि दहशत, दोन्ही पाहिले आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट आणि अनेक मावळ्यांनी तुरुंगाची भीती पचवली. पण बऱ्याच जमिनी सावकारांकडे होत्या, आणि पुण्याच्या सावकारांना मोबदल्याची तडजोड सोयीची वाटली. 1924 मध्ये बापटांनी सशस्त्र होऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, धरण झालेच. बापटांचा त्याग थोर, तरी धरणाच्या कामावर पोटासाठी राबणाऱ्या मजुरांना दहशत दाखवणे समर्थनीय नव्हते.

आता पहिल्या शंकेकडे वळू. संसार सांभाळण्यासाठी गप्प राहणे ही दुर्बलता म्हणावी, अधर्म नव्हे. खोट्या ठरावावर जाणूनबुजून सही करणे मात्र अधर्मच. पुढच्या ग्रामसभेत चार जणांनी मिळून हरकत घ्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदवायला लावावी. राहिला दाखला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे; न मिळाल्यास दोन अपिले करता येतात आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाते. अर्जाची पोच तेवढी न विसरता घ्यावी.