दहाव्या वचनाची मुदत

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन आम्हा ख्रिस्ती घरांत भिंतीवर असतं, मुलाखतीला निघालेल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतं: देवाने तुझ्या भल्याचंच योजलं आहे. मलाही ते प्रिय आहे. पण हे बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे आणि १०व्या वचनात मुदत आहे: ७० वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण परतणार नव्हते. तरीही त्यांना सांगितलं, घरं बांधा, बागा लावा, त्या परक्या शहराचं भलं मागा.

दोन वर्षांत सुटकेचं आश्वासन आदल्या अध्यायात हनन्याने दिलं होतं. तो खोटा संदेष्टा ठरला. ११वं वचन एकटं तोडून वाचलं, की आपण यिर्मयाच्या तोंडी हनन्याचं आश्वासन घालतो. संदर्भासह वाचल्याने आशा कमी होत नाही. ती माझ्या एकट्याची राहत नाही, इतकंच.