चौथा ताप

महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी मनुष्याच्या दुःखाची विस्ताराने मोजदाद केली आहे : देहामनाच्या विकारांतून उद्भवतो तो आध्यात्मिक ताप, इतर भूतांच्या संयोगाने होतो तो आधिभौतिक, आणि कर्माचे फळ म्हणून देहान्तानंतर यमयातनेच्या रूपाने भोगावा लागतो तो आधिदैविक. ही वाटणी मी आदराने वाचतो. परंतु सह्याद्रीच्या याच कुशीतील कुळांनी आणि बलुतेदारांनी पिढ्यान्‌पिढ्या जो जाच सोसला, तो या तिहींपैकी कोणत्या तापात धरावा, या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडत नाही.

कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील खोतीचेच पाहा. सरकारसारा वसूल करून भरण्याचा हक्क खोताकडे. भातखाचरात कूळ अर्धेलीने राबे, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवून तिर्धेल घाली, आणि याशिवाय वेठबिगार होतीच. एखादा खोत दयाळू असे, नाही असे नाही. पण दया ही खोताच्या मर्जीची बाब होती आणि मर्जी केव्हा फिरेल याचा नेम नव्हता. म्हणून दयाळू खोताचे कूळही उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचा चेहरा वाची, घरात धान्य असताना नाही म्हणे, मुलाला पुढे होऊन बोलू देत नसे. कारकुनाने आणि पाहुण्याने याला ‘कुळांचा भित्रा स्वभाव’ असे नाव दिले. खरे पाहता तो स्वभाव नव्हता, ती कबुलायत होती. कागदावर लिहिलेली नव्हती, इतकेच. 1949 च्या कायद्याने खोती संपली, 1958 च्या कायद्याने महार वतनही गेले. परंतु मनात मुरलेली ताबेदारी सरकारजमा करण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नसते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा महाड शहरातच आहे. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव मंजूर केला आणि 1924 साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. तरी अस्पृश्यांपैकी कोणी तळ्यावर गेले नाही. मारहाणीचे भय खरेच होते, आणि ते किती खरे होते हे 20 मार्च 1927 रोजी दिसले : महाडच्या परिषदेला जमलेल्या अस्पृश्यांनी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर जाऊन पाणी घेतले, आणि ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठताच परतणाऱ्या निःशस्त्र प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. पुढे पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ज्या पाण्यावर गुरेढोरे बिनदिक्कत येत, ते आपल्या ओंजळीने बाटते, हे ज्याला भर गावात विधिपूर्वक सांगितले जाते, त्याच्या चित्ताला होणारी इजा ही त्याच्या पूर्वकर्माची नव्हे, की त्याच्या इंद्रियांच्या विकाराचीही नव्हे. ती माणसांनी केलेल्या मांडणीची इजा आहे.

बाबासाहेबांचे मोठेपण मला येथे विशेष जाणवते. तहान भागवण्याकरिता कोणी तळ्यावर आले नव्हते. त्याच परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास, शिळ्या तुकड्यांचा हक्क टाकण्यास आणि मुलांना शिकवण्यास सांगितले. म्हणजे बाहेरचा पाणवठा आणि आतली स्वतःविषयीची किंमत, या दोहोंना त्यांनी एकाच परिषदेत हात घातला. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांविषयी जी शंका उपस्थित केली, तिचे मूळ मला महाडच्या अनुभवात दिसते. जन्म, जरा, मरण हेच दुःख मानले तर धर्माने माणसाला आशा ती काय द्यावी? माणसाने माणसाशी कसे वागावे हा ज्या धर्माचा गाभा आहे, त्याला दुःखाचा शोध माणसामाणसांच्या व्यवहारातही घ्यावाच लागतो. इकडे चवदार तळ्याचा वाद कोर्टात गेला होता; त्या दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 रोजी दिला, आणि तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आज खोत नाही, पण पोलादपूरच्या वाड्यांतून फिरताना कडीकुलपे घातलेली घरे दिसतात. शेतीचा तुकडा घर चालवीत नाही, म्हणून कर्ता पुरुष मुंबईस जातो. गिरण्या होत्या तोवर मनीऑर्डर येई, 1982 च्या संपानंतर तोही आधार तुटला. मागे म्हातारी माणसे राहतात. 22 जुलै 2021 रोजी तळिये, केवनाळे आणि साखरची सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. त्यापूर्वी 2005 साली दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे कोसळल्या होत्या. या दरडींपासून आषाढात पावसाने जोर धरला की अंथरुणावर बसून डोंगराकडे कान लावणारी माणसे घरोघर आहेत. ‘जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, डोळ्याला डोळा लागत नाही’, असे ती दवाखान्यात सांगतात, आणि त्यांना झोपेची गोळी मिळते. गोळीला माझा विरोध नाही. ज्याला तिची गरज आहे त्याला ती अवश्य मिळावी. परंतु दरडीच्या पायथ्याशी घर आणि शंभर कोसांवर मुलगा, अशी ज्याची स्थिती, त्याचे जागरण हा केवळ त्याच्या मेंदूचा दोष कसा म्हणता येईल?

दुसरी वाट गावदेवीच्या देवळाकडे जाते. तेथे गुरव कौल लावतो आणि विचारतो : घरात कोणाचा तंटा आहे का, कोणाचे देणे राहिले आहे का, बोललेला नवस चुकला आहे का? कौलाने दिलेले कारण मला मान्य नाही, आणि बाधेच्या नावाखाली बायकांचे जे हाल होतात त्यांचा मी निषेधच करतो. पण एका माणसाची झोप उडाली असता तो प्रश्न साऱ्या घराला, भावकीला आणि देण्याघेण्याला विचारण्याची ही रीत दवाखान्याने उचलण्याजोगी आहे. केसपेपरावर रक्तदाब आणि वजन लिहिले जाते, तेथेच घर कोणत्या उतारावर आहे, कर्ज कोणाचे, मुलगा कामावर आहे की बसून, हेही लिहिले जावे, आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावरून तहसील कचेरीत जावा.