न पाहिलेली पाने

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या अकलूजला घरोघर पत्त्यांचे डाव बसतात. यंदा भाच्याने हट्ट धरला, "मामा, तीन पत्ती शिकवा ना!" मास्तरने जुगार शिकवावा काय? नियम म्हणजे जुगार नव्हे, अशी मनाची समजूत घालून मी कॅट काढला.

इंग्रजांच्या 'थ्री-कार्ड ब्रॅग'चे हे देशी रूप. प्रत्येकाला तीन पाने. तिन्ही सारखी आली की सर्वांत मोठी. पण तो योग सरासरी 425 वाटपांत एकदाच. पाने न पाहता 'ब्लाइंड' खेळणाऱ्याने, पाहून खेळणाऱ्याच्या निम्मेच पैसे लावायचे.

"न पाहणाऱ्याला सवलत का?" त्याने विचारले.

खेळापुरते उत्तर सोपे आहे : जो अंधारात चालतो, त्याच्यावर भार हलका. पण ही सवलत आपण आयुष्यातही मागतो. 'मला काय ठाऊक!' म्हणून निम्मी जबाबदारी झटकतो. पाने मात्र आपल्याच पुढ्यात उपडी असतात. उचलून पाहायला कोणी मनाई केलेली नसते.

शिवाय डावाची किंमत खेळणाराच भरतो, असेही नाही. धर्मराजाने द्रौपदीला पणाला लावले, तेव्हा ती सभेत नव्हती. उसाचे बिल डावावर लावणाऱ्याच्या घरीही अशी कोणीतरी असते. तिने पान पाहिलेले नसते, पण तिला निम्म्याची सवलत नाही.

भाचा गप्प झाला. मग आम्ही चिंचोके लावून खेळलो.